यादींतील तारीख

शाळेचा दिवस सुरू झाला कीं फळ्यावर जी पहिली गोष्ट लिहिली जाते ती तारीख होय. प्रार्थना संपते, वर्गांतील एखादा विद्यार्थी उठून खडू घेतो आणि फळ्याच्या कोपऱ्यांत दिवस, महिना व साल लिहून पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसतो. निबंधाची वही, मामाला लिहिलेलें पत्र, फीची पावती, हजेरीपट, प्रगतिपुस्तक, यांपैकीं एकही वस्तु तारखेवांचून पुरी होत नाहीं. परंतु जें आपण नित्य करितों त्याविषयीं विचार करण्याचा प्रसंग आपणांवर क्वचितच येतो. आमच्यावर तो प्रसंग आला, आणि त्यापासून आम्हांस जें शिकावयास मिळालें तें आपल्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे. विषय दिसण्यांत क्षुद्र आहे. पण त्यापायीं एका मुलीची संधि गेली, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

मागें एकदां आंतरशालेय खेळांच्या सामन्यांसाठीं आमच्या शाळेंतून अठरा मुलामुलींचीं नांवें पाठवावयाचीं होतीं. लहान गटाची अट अशी होती कीं, खेळाडूचा जन्म १ सप्टेंबर २०१० रोजीं किंवा त्यानंतर झालेला असावा. यादी तयार करण्याचें काम आम्हांकडे होतें. कार्यालयांतील संगणकावर मुलांच्या माहितीची फाईल होतीच. तींत तारखा आपल्या नेहमींच्या रीतीप्रमाणें, म्हणजे आधीं दिवस, मग महिना व शेवटीं साल, अशा लिहिलेल्या होत्या. ती फाईल आम्हीं दुसऱ्या एका संगणकावर स्प्रेडशीटमध्यें उघडली. सामन्यांच्या चालकांना महिन्याचें नांव अक्षरांनीं लिहिलेलें हवें होतें. म्हणून तारखांचा रकाना त्या रूपांत दाखवावा, अशी आज्ञा आम्हीं यंत्रास दिली. सात तारखा तत्काळ पालटून सुबक रूपांत आल्या. उरलेल्या अकरा मात्र जशाच्या तशा राहिल्या. आम्हांस वाटलें, या अकरांतच कांहीं तरी बिघाड असावा. त्या आम्हीं एकेक करून हातानें नीट केल्या. सुबक दिसणाऱ्या सात तारखांकडे पुन्हां पाहिलेंही नाहीं, आणि यादी धाडून दिली.

सामन्यांच्या दिवशीं सकाळीं मैदानावर गेल्यावर कळलें कीं, आमच्या शाळेंतील सर्वांत वेगानें धावणाऱ्या मुलीचें नांव लहान गटांत नाहीं. चालकांनीं आमचीच यादी आमच्यापुढें ठेविली. तींत तिची जन्मतारीख १२ एप्रिल २०१० अशी होती. ती मुलगी ४ डिसेंबर २०१० रोजीं जन्मलेली. मूळ फाईलींत ०४/१२/२०१० असें स्पष्ट लिहिलेलें होतें. पण तो दुसरा संगणक अमेरिकन रीतीवर लावलेला होता, आणि अमेरिकेंत आधीं महिना व मग दिवस लिहितात. घरून जन्माचा दाखला आणवून दाखवीपर्यंत तिची शर्यत होऊन गेली होती. पुढील वर्षीं ती त्या गटांत बसणार नव्हती. संध्याकाळीं तिचे वडील शाळेंत आले. ते रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, "सर, आमच्या मुलीची तारीख कोणीं बदलली?"

त्या वेळीं आम्हांस त्यांना नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें आम्हीं त्या गोष्टीचा शोध केला, पुस्तकें पाहिलीं, स्वतः फाईली उघडून व बंद करून प्रयोग केले. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें क्रमानें सांगतों.

प्रथम अशी फाईल म्हणजे काय तें पाहूं. शाळेच्या जनरल रजिस्टरांत जशा आडव्या ओळी व उभे रकाने असतात, तशीच हिची रचना असते. एका मुलाची माहिती एका ओळींत असते, आणि नांव, इयत्ता, जन्मतारीख हे रकाने एकमेकांपासून निराळे रहावे म्हणून त्यांच्यामध्यें स्वल्पविराम घालितात. पहिल्या ओळींत रकान्यांचीं नांवें असतात. हिला सी. एस. व्ही. फाईल म्हणतात, म्हणजे स्वल्पविरामांनीं विभागलेल्या मजकुराची फाईल. तींत ना रंग, ना ठसठशीत अक्षरें, ना आंखलेल्या चौकटी. नुसता साधा मजकूर असतो. म्हणूनच ती कोणत्याही यंत्रावर व कोणत्याही आज्ञावलींत उघडतां येते. याच एका फाईलीवरून ओळखपत्रें, परीक्षेचीं प्रवेशपत्रें, पालकांस जाणारीं पत्रें व पटाचे तक्ते छापून निघतात. विहिरीचें पाणी जसें अनेक पाटांनीं शेतांत जातें, तशी त्या फाईलींतील माहिती अनेक कागदांवर जाते. विहिरींत कांहीं पडलें तर तें एका वाफ्यापुरतें रहात नाहीं.

साध्या मजकुराच्या फाईलीचा एक धर्म विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ०४/१२/२०१० ही तारीख आहे हें तिला ठाऊक नसतें. तिच्या लेखीं तीं केवळ दहा चिन्हें होत: आठ अंक आणि दोन तिरक्या रेघा. ही तारीख आहे, तींतील पहिले दोन अंक दिवसाचे आहेत व पुढील दोन महिन्याचे, हा अर्थ फाईल वाचणारा लावतो. वाचणारा आमच्या कार्यालयांतील लेखनिक असेल तर त्यास अर्थ ठाऊक असतो. नसला तर तो खुर्चीवरून उठून, "सर, हा डिसेंबर कीं एप्रिल?" असें विचारूं शकतो. यंत्र विचारीत नाहीं. तें आपल्याला लावून दिलेल्या रीतीप्रमाणें अर्थ घेतें व पुढें चालूं लागतें.

आणि रीति तर जगांत एक नाहीं. भारतांत व इंग्लंडांत आधीं दिवस, मग महिना, मग साल, असा क्रम आहे. अमेरिकेंत आधीं महिना, मग दिवस, मग साल, असा आहे. चीन, जपान, कोरिया आणि युरोपांतील हंगेरी या देशांत आधीं साल, मग महिना व शेवटीं दिवस लिहितात. ज्याच्या त्याच्या देशांत ज्याची त्याची रीति सोयीची आहे, तींत कोणतीच वाईट म्हणतां येत नाहीं. अडचण उत्पन्न होते ती एका रीतीनें लिहिलेलें दुसऱ्या रीतीनें वाचलें जातें तेव्हां. संगणकाच्या पुष्कळ आज्ञावली अमेरिकेंत निर्माण झालेल्या असल्यामुळें त्यांची मूळची मांडणी बहुधा अमेरिकन रीतीवर असते. ती आपण मुद्दाम बदलली नाहीं तर तशीच राहते.

आमच्या यादींतील सातच तारखा कां पालटल्या, अठराही कां नाहीं, याचें कारण विद्यार्थ्यांनीं स्वतः गणित करून पहावें, तें मनोरंजक आहे. महिने बारा आहेत. म्हणून दिवसाचा अंक बारा किंवा त्याहून लहान असेल तेव्हांच तो महिन्याचा अंक समजला जाण्याचा संभव असतो. असे दिवस प्रत्येक महिन्यांत बारा, म्हणजे वर्षांत १४४ येतात. त्यांपैकीं १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च, याप्रमाणें १२ डिसेंबरपर्यंतचे बारा दिवस उलटे वाचले तरी तेच राहतात. ते वजा केले म्हणजे १३२ उरतात. ३६५ दिवसांपैकीं १३२, म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक दिवस असे आहेत कीं, ते उलट वाचले गेले तर यंत्रास त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं. उरलेल्या दिवसांची गोष्ट निराळी. २३/०९/२०१० ही तारीख अमेरिकन रीतीनें वाचूं गेल्यास तेविसावा महिना निघतो. असा महिना नाहीं, म्हणून यंत्र तिला तारीखच समजत नाहीं व ती चिन्हें जशीच्या तशी ठेवतें.

आतां आमच्या चुकीचें खरें स्वरूप वाचकांच्या ध्यानांत येईल. ज्या अकरा तारखा आम्हांस बिघडलेल्या वाटल्या त्या बरोबर होत्या. ज्या सात आम्हांस नीट झाल्याशा वाटल्या त्यांचा अर्थच फिरला होता. त्यांतील सहा जणांच्या तारखा उलटल्या तरी वयाच्या अटीस बाध आला नाहीं, म्हणून तें कोणाच्या लक्षांतही आलें नसतें. सातवी त्या मुलीची होती. चूक नेहमीं वेडीवांकडी दिसते, ही समजूत अशा कामांत अगदीं धोक्याची आहे. विद्यार्थ्यांनीं आपापली जन्मतारीख या १३२ दिवसांत येते कीं काय तें आजच पाहून ठेवावें.

या गोंधळावर उपाय काय? उपाय साधा आहे, आणि तो योजून ठेविलेलाही आहे. स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें मुख्य ठाणें असलेली एक आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्था आहे. निरनिराळ्या देशांच्या व्यवहारांत एकवाक्यता यावी म्हणून ती मापांचे व पद्धतींचे नियम ठरविते. तिनें १९८८ सालीं आय. एस. ओ. ८६०१ या क्रमांकाचा नियम प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें आधीं सालाचे चार अंक, मग महिन्याचे दोन, मग दिवसाचे दोन लिहावे आणि त्यांच्यामध्यें आडवी लहान रेघ द्यावी. म्हणजे त्या मुलीची जन्मतारीख २०१०-१२-०४ अशी लिहिली जाईल. साल प्रथम घालून त्यानंतर दिवस व मग महिना अंकांनीं लिहिण्याची रीति सहसा कोठें आढळत नाहीं. म्हणून चार अंकी साल आधीं दिसलें कीं पुढें महिना व मग दिवस, हें माणसास व यंत्रास दोघांसही निःशंकपणें कळतें.

या रीतीचा आणखी एक गुण आहे. साधा मजकूर क्रमानें लावावयास सांगितला असतां यंत्र शब्दकोशाप्रमाणें डावीकडील पहिल्या चिन्हापासून तुलना करीत जातें. समजा, ०५-०३-२००९, १४-०१-२०१० व ०२-११-२०११ अशा तीन तारखा आहेत. या मजकूर म्हणून लावल्या तर २०११ ची तारीख सर्वांत वर येते, कारण तिचा दिवस ०२ आहे. आणि २०१० ची सर्वांत खालीं जाते. वडील भाऊ मध्यें व धाकटा वर, असा प्रकार होतो. त्याच तारखा २००९-०३-०५, २०१०-०१-१४, २०११-११-०२ अशा लिहिल्या तर मजकुराचा क्रम व काळाचा क्रम एकच होतो. याचें कारण आपण लहानपणीं अंकगणितांत शिकलेलें आहे. संख्येंत शतकाचा अंक डावीकडे, दशकाचा त्यानंतर व एककाचा शेवटीं असतो. म्हणजे मोठें मान आधीं येतें. तारखेंत सालाचें मान मोठें, महिन्याचें त्याहून लहान व दिवसाचें सर्वांत लहान. तोच नियम येथें लागूं केला आहे.

यांत एका अंकाच्या महिन्यामागें व दिवसामागें शून्य देण्यास विसरूं नये. सप्टेंबर महिना नुसता ९ लिहिला आणि ऑक्टोबर १० लिहिला, तर मजकुराच्या क्रमांत ऑक्टोबर आधीं येतो. कारण यंत्र १ व ९ या पहिल्या चिन्हांचीच तुलना करितें. ०९ लिहिलें म्हणजे अडचण उरत नाहीं.

सालाचे चारही अंक लिहावे, हा नियम तर फार मोठ्या किंमतीनें जगास शिकावा लागला आहे. संगणकाच्या आरंभकाळीं माहिती सांठविण्यास जागा थोडी व महाग असे. त्यामुळें १९७५ च्या ऐवजीं ७५ एवढेंच लिहिण्याची चाल पडली. शतक संपत आलें तेव्हां लोकांच्या ध्यानांत आलें कीं, ०० म्हणजे १९०० कीं २००० हें यंत्रास कळणार नाहीं. मग २००० साल उजाडण्यापूर्वीं जगभर पेढ्या, सरकारी खातीं व कारखाने यांनीं आपापल्या आज्ञावली तपासून दुरुस्त करून घेतल्या; त्यांत अपार पैसा व श्रम खर्चीं पडले. आजही दोन अंकी साल दिसलें म्हणजे आज्ञावली अंदाजच बांधते. एका प्रचलित नियमाप्रमाणें ६९ पासून ९९ पर्यंतचे अंक विसाव्या शतकांतले व ०० पासून ६८ पर्यंतचे एकविसाव्या शतकांतले धरितात. म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या यादींत एखाद्या आजोबांचें जन्मसाल ४५ लिहिलें तर त्यांचा जन्म २०४५ सालीं व्हावयाचा आहे असें ठरतें. आजोबांस यांत हंसूं येईल, पण त्या यादीवरून वय काढून निमंत्रणें पाठविणाऱ्यास तें येणार नाहीं.

आतां ज्या ठिकाणीं आम्ही प्रत्यक्ष फसलों त्या ठिकाणाकडे वळूं. मजकुराची फाईल स्प्रेडशीटमध्यें नुसती बोटानें टिचकून उघडली कीं ती आज्ञावली आपण होऊन प्रत्येक चौकटींत काय आहे याचा तर्क करिते. जें तारखेसारखें दिसेल त्याची ती तारीख करिते, आणि आंत तिची एक संख्या करून ठेविते. ही संख्या म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेले दिवस होत. या हिशेबानें ४ डिसेंबर २०१० म्हणजे ४०५१६. कधीं कधीं रकान्यांत तारखेच्या जागीं अशी पांच अंकी संख्या दिसून लेखनिक गोंधळतो, त्याचें मूळ हें आहे.

या मोजणींतही एक जुनी चूक चालत आलेली आहे. लोटस १-२-३ नांवाच्या पूर्वींच्या आज्ञावलींत १९०० हें लीप वर्ष धरलें होतें. वास्तविक ज्या सालास १०० नें भाग जातो पण ४०० नें जात नाहीं तें लीप वर्ष नसतें. म्हणून २९ फेब्रुवारी १९०० असा दिवस कधीं उगवलाच नाहीं. परंतु जुन्या फाईलींशीं मेळ रहावा म्हणून एक्सेलनेंही तो दिवस मोजणींत कायम ठेविला. शिवाय मॅकिंटॉश संगणकांवर १९०४ पासून मोजण्याची दुसरी रीति चालूं होती. दोहोंमध्यें १४६२ दिवसांचें अंतर आहे. एका रीतीची ४०५१६ ही संख्या दुसऱ्या रीतीनें वाचली तर आमच्या मुलीचा जन्म ५ डिसेंबर २०१४ रोजीं झाला असें निघेल. म्हणून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे तारीख पाठवितांना ती संख्येच्या रूपानें न पाठवितां मजकुराच्या रूपानेंच पाठवावी.

अशा तर्कापायीं मोठमोठे शास्त्रज्ञही फसले आहेत. मानवाच्या शरीरांतील जनुकांस अक्षरांचीं व अंकांचीं आखूड नांवें दिलेलीं असतात. त्यांत कांहीं नांवें मार्च १, सेप्ट २ अशा उच्चारांचीं होतीं. स्प्रेडशीटमध्यें तीं घातलीं कीं तत्काळ त्यांच्या १ मार्च व २ सप्टेंबर अशा तारखा होत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत असें आढळलें कीं, ज्या शोधनिबंधांस एक्सेलमधील जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांपैकीं सुमारें पांचव्या हिश्श्यांत अशा चुका होत्या. शेवटीं २०२० सालीं जनुकांस नांवें देणाऱ्या समितीनें त्या जनुकांचीं नांवेंच बदलल्याचें जाहीर केलें. यंत्राचा स्वभाव बदलेना, म्हणून माणसानें नांवें बदललीं. शास्त्रज्ञांस हें चुकलें नाहीं, तेथें शाळामास्तरांचें काय? तथापि यावर उपाय आहे. फाईल टिचकून न उघडतां आज्ञावलींतील आयात करण्याच्या मार्गानें आंत घ्यावी, आणि त्या वेळीं जन्मतारखेचा रकाना मजकुराचा आहे असें आपण सांगावें. मग यंत्र त्यास हात लावीत नाहीं.

आणखी दोनतीन बारीक गोष्टी सांगून पुढें जाऊं. जन्मतारखेस विनाकारण वेळ जोडूं नये. कांहीं आज्ञावली ४ डिसेंबर ही तारीख त्या दिवसाची मध्यरात्र म्हणून ठेवतात व पुढें ती ग्रीनिचच्या वेळेंत पालटतात. आपली वेळ ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास असल्यामुळें ती ३ डिसेंबर, सायंकाळचे साडेसहा, अशी होते. आणि मुलाचा वाढदिवस एक दिवस अलीकडे येतो. दुसरें, फाईलींत महिन्यांचीं नांवें लिहूं नयेत. एक जण सप्टेंबर लिहितो, दुसरा सप्टें. लिहितो, तिसरा इंग्रजींतून लिहितो, आणि यंत्रास ते तीन निराळे महिने वाटतात. तिसरें, या लेखांत आम्हीं देवनागरी अंक योजिले आहेत, कारण हें मासिक मराठी वाचकांसाठीं आहे. फाईलींत मात्र इंग्रजी अंकच घालावे. यंत्राच्या दृष्टीनें मराठी ४ व इंग्रजी चार हीं दोन वेगळीं चिन्हें आहेत, आणि पुष्कळ आज्ञावली पहिल्यास अंक म्हणून ओळखीत नाहींत.

येथवर लिहिण्याच्या रीतीचा विचार झाला. पण जी तारीख लिहावयाची ती कोणत्या कालगणनेंतली, हाही प्रश्न आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीं लेखकानें काळ सांगितला आहे तो आमच्या वाचकांनीं काढून पहावा. तिबिर्य कैसराच्या कारकीर्दीचें पंधरावें वर्ष, यहूदियावर पंतय पिलात सुभेदार, गालीलावर हेरोद, आणि याजकांचींही नांवें, अशा अनेक खुणा त्यानें एकत्र दिल्या आहेत. त्या काळीं सर्वत्र मान्य असा एक सन नव्हता; ख्रिस्तजन्मापासून वर्षें मोजण्याची कल्पना दियोनिसियस एक्सिगुअस या मठवासी विद्वानानें ५२५ सालीं मांडली. म्हणून दूरच्या व पुढील काळच्या वाचकास, ज्याला लेखकाकडे येऊन प्रश्न विचारतां येणार नाहीं त्याला, संशय उरूं नये यासाठीं लूकानें एवढी खटपट केली. फाईल लिहिणाऱ्यानें हीच वृत्ति धरावी.

आपल्या देशांत तर अनेक कालगणना एकत्र नांदतात. भारत सरकारनें २२ मार्च १९५७ पासून शक संवतावर आधारलेलें राष्ट्रीय पंचांग स्वीकारलें. तो दिवस १ चैत्र १८७९ हा होता. पुष्कळ घरांतून मुलाचा जन्म तिथीनें सांगतात. तिथि सांगण्यांत कांहीं गैर नाहीं. पंचांग पाहून तिची इंग्रजी तारीख काढावी, ती जन्मतारखेच्या रकान्यांत घालावी, आणि मूळ तिथि हवी असल्यास शेजारच्या रकान्यांत जशीच्या तशी ठेवावी. एका रकान्यांत दोन प्रकारच्या तारखा कदापि मिसळूं नयेत.

आणि तारीख ठाऊकच नसेल तर? या ठिकाणीं आम्हां शिक्षकांस आपल्या पूर्वजांची एक चूक कबूल केली पाहिजे. महाराष्ट्रांत मागल्या पिढींतील किती तरी माणसांची जन्मतारीख १ जून अशी आहे. त्या सर्वांचा जन्म कांहीं एका दिवशीं झाला नव्हता. शाळा जूनमध्यें उघडे. मुलास घेऊन आलेल्या आईबापांस तारीख सांगतां येत नसे. आणि मास्तर रजिस्टरांतील रकाना रिकामा राहूं नये म्हणून १ जून घालून मोकळे होत. तीच तारीख पुढें नोकरीस व निवृत्तीस लागूं झाली. आजच्या फाईलींतही हीच चाल दुसऱ्या रूपानें दिसते. ठाऊक नसलेल्या तारखेच्या जागीं १९००-०१-०१ घालितात, किंवा यंत्रच शून्यास १९७०-०१-०१ समजतें. कारण बऱ्याच संगणकांची कालगणना त्या दिवसापासून सुरू होते. आंतरराष्ट्रीय नियमांत यालाही सोय आहे. साल व महिनाच ठाऊक असेल तर २०१०-१२ एवढेंच लिहावें, केवळ सालच ठाऊक असेल तर २०१० लिहावें, आणि कांहींच ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पाहून कोणी तरी विचारपूस करील. खोट्या तारखेविषयीं कोणी विचारणार नाहीं.

आतां पालकांस व विद्यार्थ्यांस दोन शब्द. या लेखावरून कोणी असें समजूं नये कीं, फळ्यावर किंवा पत्रावरही साल आधीं लिहिलें पाहिजे. माणसासाठीं लिहितांना ४ डिसेंबर २०१० असें महिन्याचें नांव घालून लिहावें. त्यांत चूक होण्यास जागाच नाहीं. यंत्रासाठीं लिहितांना २०१०-१२-०४ असें लिहावें. ०४/१२/२०१० हें रूप माणसापेक्षां यंत्रास फसविणारें असल्यामुळें फाईलींतून तें हद्दपार करावें. आणि फाईल दुसऱ्यास पाठवितांना तारखा कोणत्या क्रमानें लिहिल्या आहेत हें एका ओळींत कळवावें.

आपल्या वाडवडिलांस हें तत्त्व ठाऊक होतें. शाळा सोडल्याचा दाखला काढून पहा. त्यावर जन्मतारीख अंकीं व अक्षरीं अशी दोनदां लिहिलेली असते. लहानपणीं आम्हांस तो कागदाचा व शाईचा व्यर्थ खर्च वाटे. अंकांत कोणी फेरफार केला, किंवा कोणास अंक लागला नाहीं, तर अक्षरें साक्ष देतात, हें त्याचें कारण पुढें कळलें. त्या मुलीचें मैदानावर शेवटीं जें खरें ठरलें तें दाखल्यावरच्या अक्षरांमुळें. फक्त तें वेळेवर कोणीं वाचलें नाहीं.

त्या प्रसंगानंतर आमच्या कार्यालयांत एक नियम केला आहे. फाईलींतील सर्व तारखा सालापासून लिहिल्या जातात. आणि दरवर्षीं जून महिन्यांत प्रत्येक मुलाच्या घरीं एक चिठ्ठी जाते, तींत मुलाचें नांव व जन्मतारीख महिन्याचें नांव घालून छापलेली असते. पालकांनीं ती जन्माच्या दाखल्याशीं ताडून पहावी व सही करून परत पाठवावी. पुष्कळ पालक न वाचतांच सही करितात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांस आमची कळकळीची विनंति आहे कीं, एवढी एक ओळ तरी वाचावी.

त्या मुलीच्या वडिलांस आम्हीं पुढें घरीं जाऊन उत्तर दिलें. तारीख यंत्रानें बदलली असें म्हणणें सोपें होतें. पण यंत्रानें आपल्या रीतीप्रमाणें वाचलें, एवढाच त्याचा दोष. दोन अर्थ होतील असें आम्हीं ठेविलें, आणि पाठविण्यापूर्वीं अठरा ओळी दाखल्यांशीं ताडून पाहिल्या नाहींत. त्यास पाव तासही लागला नसता. त्यांनीं तें ऐकून घेतलें, मुलीस बोलावलें, आणि आम्हीं तिची क्षमा मागितली. पहिली चिठ्ठी ज्या वर्षीं निघाली त्या वर्षीं तिचीच चिठ्ठी सर्वांत आधीं सही होऊन परत आली. तिच्या वडिलांनीं छापलेल्या तारखेखालीं आपल्या हातानें अक्षरीं लिहिलें होतें: चार डिसेंबर दोन हजार दहा.